लाकडाचा वायू, गावाची वीज : पुन्हा पुन्हा विसरल्या गेलेल्या एका तंत्राचा इतिहास

१९८८ साली कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, अवघ्या ३५ घरांच्या होसहळ्ळी या गावात विजेचे दिवे लागले. ही वीज कुठल्या धरणावरून किंवा दूरच्या औष्णिक केंद्रातून आलेली नव्हती. गावातच एका लोखंडी भट्टीत लाकडाचे तुकडे पडत. त्यांतून निघणारा वायू डिझेल इंजिनात जाई आणि इंजिन जनित्र फिरवी. (धागा)

जनित्राची क्षमता होती ३.७ किलोवॉट, म्हणजे पाच अश्वशक्ती. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर एवढ्याच ताकदीची मोटर बसवलेली असते. तेवढ्या बळावर एक गाव उजळले.

गोष्ट छोटी आहे, पण तिच्यामागचा इतिहास शतकाहून जुना आहे आणि तो सरळ रेषेत पुढे जात नाही. लाकडापासून इंजिनाजोगा वायू काढण्याची विद्या युरोपाने शोधली, लाखो गाड्यांवर वापरली, काही वर्षांतच टाकून दिली आणि तीन दशकांनी जुनी पुस्तके चाळून पुन्हा शिकायला घेतली. या विस्मरणाचे कारण यंत्राच्या रचनेपेक्षा यंत्राभोवतीच्या श्रमांत आणि जमाखर्चात शोधावे लागते.

आधी मूळ क्रिया समजून घेऊ. चुलीत लाकूड पेटते तेव्हा दिसणारी ज्वाळा लाकडाची नसते. तापलेल्या लाकडातून सुटणारे वायू जळत असतात. हवा भरपूर असली की ते तिथल्या तिथे जळून संपतात. मात्र बंद भट्टीत, पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा एवढीच हवा आत सोडली, तर गोष्ट बदलते. वरच्या थरात लाकूड वाळते, त्याखाली ते तापून विघटित होते, त्याखाली थोडे जळते आणि तिथे तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. सर्वांत खाली लालबुंद निखाऱ्यांचा थर असतो. ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ त्या निखाऱ्यांतून जाताना त्यांतला ऑक्सिजन निखारा ओढून घेतो; उरतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. दोन्ही वायू जळणारे.

अशा वायूत कार्बन मोनॉक्साइडचा वाटा सुमारे पाचवा, हायड्रोजनचा जवळपास तितकाच किंवा थोडा कमी, मिथेन नावापुरता. जवळजवळ निम्मा भाग हवेतून आलेल्या नायट्रोजनचा, म्हणजे निव्वळ ओझे. त्यामुळे एका घनमीटरमागची उष्णता नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच. इंजिन त्यावर चालते. पण पेट्रोलवर चालताना असते त्यापेक्षा त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त घटते.

खरी अडचण वेगळीच आहे. लाकडाच्या विघटनातून डांबरासारखी चिकट वाफही निघते. ती निखाऱ्यांच्या थरात नीट मोडली नाही तर वायूबरोबर पुढे जाते, थंड होते आणि इंजिनाच्या झडपांवर बसते. दिवसभर नीट चाललेले इंजिन दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाही. या तंत्राच्या इतिहासातील बहुतेक शोध हे वायू निर्माण करण्याचे नसून या डांबरापासून सुटका करून घेण्याचे आहेत.

लाकडाचा वायू जाळून उजेड मिळवण्याचे पेटंट फिलिप लेबों या फ्रेंच अभियंत्याने १७९९ सालीच घेतले होते. पुढे मात्र गॅसच्या दिव्यांचा धंदा दगडी कोळशाने ताब्यात घेतला. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर लागलेले गॅसचे दिवेही कोळशाच्याच वायूवर जळत. त्याच दशकाच्या आरंभी सीमेन्स बंधूंनी काच आणि पोलाद वितळवण्याच्या भट्ट्यांसाठी वायुजनक बांधले. १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये डाउसनने तसाच वायू थंड व स्वच्छ करून इंजिनाला पुरवण्याची पद्धत आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातील अनेक छोटे कारखाने आणि गिरण्या अशा वायूवर चालत होत्या. काही ठिकाणी त्यावर वीजही तयार होई. तरी यांतील बहुतेकांचे इंधन होते कोळसा. ओले, डांबर सोडणारे लाकूड कुणालाच नको होते.

ते लाकूड इंजिनाजोगे करण्याचे श्रेय प्रामुख्याने जॉर्ज इम्बेर (१८८४–१९५०) या अल्सासमधील संशोधकाकडे जाते. १९२० च्या दशकात त्याने जी भट्टी सिद्ध केली, तिची युक्ती साधी होती. वायू वरून बाहेर न काढता खाली ओढायचा आणि भट्टीच्या मध्यभागी गळ्यासारखी अरुंद जागा ठेवायची. डांबराची वाफ त्या गळ्यातून, सर्वांत तापलेल्या निखाऱ्यांमधून गेल्याशिवाय बाहेर पडूच शकत नाही आणि वाटेत मोडून जाते. आजही लाकडावर चालणाऱ्या छोट्या गॅसिफायरांत ही खाली ओढणारी रचना दिसते. फ्रान्सपाशी स्वतःचे तेल जवळपास नव्हते, जर्मनीपाशीही पुरेसे नव्हते. त्यामुळे दोन्ही देशांत या भट्टीकडे लक्ष गेले. मात्र युद्ध पेटेपर्यंत ती हौशी आणि सरकारी प्रयोगांपुरतीच राहिली.

१९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे घेतले. तटस्थ राहिलेल्या स्वीडनचा पश्चिमेकडील समुद्रमार्ग एका फटक्यात बंद झाला. देशात तेल नाही. जंगल मात्र निम्म्याहून अधिक भूभागावर. युद्धाआधी स्वीडनमध्ये वायूवर चालणाऱ्या गाड्या हजाराच्याही आत होत्या. १९४२ उजाडेपर्यंत त्या ७० हजारांवर गेल्या. बस, मालमोटारी, टॅक्सी, हजारो ट्रॅक्टर. देशाची वाहतूक लाकूड आणि लोणारी कोळशावर चालू लागली. जर्मनीत आणि व्यापलेल्या युरोपात अशा गाड्यांची संख्या लाखांत होती.

या आकड्यांकडे पाहून तंत्राचा विजय झाला असे वाटते. रोजच्या व्यवहारात त्या विजयाला बरीच किंमत मोजावी लागत होती. एक लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे तीन किलो वाळलेले लाकूड लागे. ते मुठीएवढ्या तुकड्यांत तोडलेले हवे. फार मोठे तुकडे अडकतात, फार बारीक असले तर हवा खेळत नाही. त्यात पाण्याचा अंश पाचव्या हिश्श्याहून कमी हवा, नाहीतर भट्टी थंड पडून डांबर वाढते. चालकाने सकाळी भट्टी पेटवून वायू धरायची वाट पाहायची, वाटेत थांबून लाकूड भरायचे, निखारे ढवळायचे, संध्याकाळी राख काढायची, गाळण्या धुवायच्या. एरवी तेल कंपनी, जहाज आणि शुद्धीकरण कारखाना करीत असलेली कामे आता एकट्या चालकाच्या अंगावर आली होती.

आणि विषाचा धोका होताच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये भट्टी पेटवणे जिवावर बेतू शकत होते. रोज थोडा थोडा वायू श्वासात गेल्याने होणारी डोकेदुखी, थकवा आणि विस्मृती यांचा अभ्यास स्वीडनमधील डॉक्टरांना त्या काळात करावा लागला.

भारतातही याची झळ पोचली. १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ब्रह्मदेश पडल्यावर तिथले तेलही हातचे गेले. मग प्रवासी मोटारींच्या मागे लोखंडी पिंप बसवून त्यात लोणारी कोळसा जाळण्याची पद्धत देशभर आली. लाकडापेक्षा लोणारी कोळसा सोयीचा, कारण त्यातले डांबर कोळसा पाडतानाच गेलेले असते. पण कोळसा पाडताना लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जाही धुरावाटे निघून जाते. मोटारीच्या चालकाची कटकट वाचली, तिची किंमत जंगलाने आणि लोणाऱ्याच्या फुप्फुसांनी भरली. युद्धकाळाच्या आठवणींत कोळशाच्या मोटारीची थट्टा पुष्कळ आढळते. ही बाजू क्वचितच येते.

१९४५ नंतर स्वस्त पेट्रोल परत आले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. कुणी बंदी घातली नाही, कुणी कट केला नाही. टाकीत पेट्रोल ओतून निघून जाणे शक्य झाल्यावर पहाटे उठून निखारे कोण फुंकील?

स्वीडिश लोकांनी मात्र एक शहाणपणाचे काम केले. युद्धकाळातील सारे अनुभव, आराखडे, अपघात आणि मोजमापे एकत्र करून तिथल्या अभियांत्रिकी विज्ञान अकादमीने १९५० साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. पुन्हा कधी तेल बंद झाले तर उपयोगी पडावा, हा हेतू. १९५६ च्या सुएझ संकटानंतर स्वीडनने आपत्कालीन तयारी म्हणून या विषयावर पुन्हा संशोधनही करवून घेतले. इतर देशांत ही विद्या ज्या मेकॅनिकांच्या हातात होती, त्यांच्याबरोबरच ती गेली.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि सगळ्या जगाला त्या ग्रंथाची आठवण झाली. १९७९ साली अमेरिकेतील सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटने त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. तिसऱ्या जगातील कितीतरी अभियंत्यांच्या हाती लाकडाच्या वायूविषयीचे पहिले गंभीर पुस्तक पडले ते हेच. पस्तीस वर्षांपूर्वी हजारो चालकांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी आता संशोधनाचा विषय झाल्या होत्या.

इथे कथा बंगळूरला येते. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा गट सुरू झाला. विज्ञानाचा उपयोग ग्रामीण भागासाठी करणे हे त्याचे काम. रेड्डी मुळात विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ. या गटाने तुमकूर जिल्ह्यातीलच पुरा या गावात शेणाच्या गॅसवर एक प्रयोग केला होता. आरंभी तो गॅस स्वयंपाकासाठी पुरवायचा बेत होता. तो फसला, कारण सगळ्या चुलींना पुरेल एवढे शेणच निघेना. तेव्हा तोच गॅस इंजिनाला देऊन वीज करायची आणि त्या विजेवर आधी पिण्याचे पाणी, मग दिवे, अशी योजना बदलली गेली. अभियंत्यांनी चूल आधी ठरवली होती. गावाला पाणी आधी हवे होते. हा धडा होसहळ्ळीत उपयोगी पडला.

लाकडाच्या भट्टीवर संस्थेत एच. एस. मुकुंद आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. मुकुंद हे अवकाशयानांच्या ज्वलनशास्त्राचे अभ्यासक. रॉकेट आणि चूल यांतील अंतर त्यांच्या लेखी फारसे नसावे. त्यांनी इम्बेरची रचना तशीच उचलली नाही. इम्बेरची भट्टी वरून बंद असते आणि हवा फक्त मधल्या नळ्यांतून आत जाते. बंगळूरच्या भट्टीचे तोंड वरून उघडे ठेवले गेले. थोडी हवा वरून, थोडी बाजूने. त्यामुळे तप्त थर अधिक जाड राहतो आणि डांबराला मोडायला अधिक वेळ मिळतो. उघड्या तोंडाचा आणखी एक फायदा कमी महत्त्वाचा नव्हता : खेड्यातल्या माणसाला लाकूड टाकताना आत काय चालले आहे ते दिसते.

डिझेल इंजिन निवडण्यामागेही व्यवहार होता. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी त्यात नसते, म्हणून नुसत्या वायूवर ते चालत नाही; थोडे डिझेल लागतेच. पण ते कुठेही मिळते, तालुक्याच्या गावात त्याचा मेकॅनिक असतो आणि भट्टी बिघडली तर नुसत्या डिझेलवर गावाचे पाणी चालू ठेवता येते. वायू नीट मिळाला तर डिझेलची गरज तीन-चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक घटते.

लाकूड कुठून आणायचे, हा त्यापुढचा प्रश्न. वनातील टाकाऊ माल हा शब्द युरोपात सहज वापरता येतो. तिथे यंत्राने झाड तोडल्यावर शेंडे, फांद्या, साल मागे उरते. लाकूड गिरणीत भुसा आणि चिपा उरतात. दख्खनच्या खेड्यात काहीच टाकाऊ नसते. वाळकी काटकी ही कुणाच्या तरी घरचे सरपण असते आणि ती वेचून आणण्यात कुणा बाईची सकाळ गेलेली असते. त्या काटक्या भट्टीत घालून गावाला दिवे द्यायचे म्हणजे एका घरची चूल विझवून दुसऱ्या घरी उजेड करणे. म्हणून होसहळ्ळीत इंधनासाठी वेगळे वन लावले गेले. या एका निर्णयामुळे होसहळ्ळीची योजना इतर अनेक योजनांहून वेगळी ठरते.

वन केवढे लागते याचा ढोबळ हिशेब असा. एक युनिट विजेला साधारण सव्वा किलो वाळलेले लाकूड. पाच किलोवॉटचा भार रोज चार तास चालवला तर २० युनिट, म्हणजे दिवसाला २५ किलो, वर्षाला नऊ टन. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी वर्षाला चार-पाच टन वाढ धरली तर दोन हेक्टर रान पुरते. एवढी पडीक जमीन बहुतेक गावांत असते. तिच्यावर गाय चारणाऱ्याचा हक्क आधीपासून असतो, हे मात्र हिशेबाच्या कागदावर दिसत नाही.

होसहळ्ळीत दिव्यांबरोबर नळाचे पाणी आले, पिठाची गिरणी आली, पुढे शेतीला पाणीही मिळू लागले. पुढल्या काळात यंत्रणेची क्षमता २० किलोवॉटपर्यंत वाढवण्यात आली. भट्टी चालवणारे आणि लाकूड तोडणारे हात गावातलेच होते. एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात गेल्या चौदाहून अधिक वर्षांचा लेखाजोखा मांडला. त्यांच्या नोंदींनुसार शेवटच्या सहा वर्षांत ८५ टक्क्यांहून अधिक दिवस दिवे आणि नळाचे पाणी मिळाले. २१८ माणसांच्या वस्तीत, तिथल्याच माणसांनी, लाकडावर हे साधले. उरलेले १५ टक्के दिवस म्हणजे वर्षाकाठी पन्नासेक रात्री अंधारात गेल्या, असेही त्याचे वाचन करता येईल. मात्र २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील ग्रामीण भागाने काय भोगले ते आठवणाऱ्याला हा आकडा वाईट वाटणार नाही.

त्याच लेखातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. यंत्रावर २० किलोवॉटचा भार असेल तर इंधन आणि देखभालीसह युनिटचा खर्च ३ रुपये ३४ पैसे येई. भार पाच किलोवॉटच असेल तर तोच खर्च ५ रुपये ८५ पैसे. यंत्र तेच, लाकूड तेच, माणूस तोच. फरक एवढाच की चालकाचा पगार आणि देखभाल २० ऐवजी पाचांत वाटली जाते.

याचा अर्थ असा की ज्या गावात दिव्यापलीकडे विजेचा उपयोग करण्याची ऐपत नाही, त्या गावाला ही वीज सर्वांत महाग पडते. गिरणी, पंप, बर्फ, शिलाई यंत्रे आली तर भार वाढतो आणि दर उतरतो. पण ती यायला आधी गावात पैसा लागतो. शेजारच्या गावात सरकारी तारांवरून येणारी वीज अनुदानित, शेतीपंपासाठी तर जवळपास फुकट. पंधरा-वीस किलोमीटर तार ओढण्याचा खर्च त्या गावाच्या बिलात कधीच दिसला नाही. भट्टीच्या बिलात मात्र लाकडाचा प्रत्येक तुकडा दिसत होता. लाकडाची वीज महाग असते, हे विधान कोणता खर्च कुणाच्या वहीत लिहिला जातो यावर बरेच अवलंबून आहे.

होसहळ्ळीच्याच सुमारास, १९८७ मध्ये, केंद्र सरकारने लाकडाच्या गॅसिफायरांचा देशव्यापी प्रात्यक्षिक कार्यक्रम सुरू केला. पाच-दहा अश्वशक्तीचे सिंचन पंप, भरघोस अनुदान, अनेक राज्यांत वाटप. यंत्रांची तपासणी आणि सुधारणा यांसाठी मुंबईच्या आयआयटीसह काही संस्थांत केंद्रे उघडली. निकाल निराशाजनक होता. अनुदानाच्या संचात गॅसिफायरबरोबर डिझेल इंजिन आणि पंपही मिळत असे. बऱ्याच शेतकऱ्यांनी इंजिन-पंप विहिरीवर बसवला आणि भट्टी बाजूला ठेवली. सरकारी अहवालांत याला गैरवापर म्हटले जाईल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याने अगदी बरोबर हिशेब केला होता : एका एकराच्या भिजवणीसाठी रोज लाकूड फोडून गाळण्या धुण्यापेक्षा दोन लिटर डिझेल परवडते. अनुदान घटले आणि मागणीही घटली.

यापेक्षा मोठा प्रयोग सुंदरबनात झाला. गोसाबा हे नदीनाल्यांनी वेढलेले बेट. मुख्य भूमीवरून तारा नेणे तेव्हा अवघड. तिथे १९९७ साली १०० किलोवॉटची पाच यंत्रे मिळून ५०० किलोवॉटचे केंद्र सुरू झाले आणि वीजवाटपाचा कारभार स्थानिक सहकारी संस्थेकडे देण्यात आला. गोसाब्याला सहकाराची परंपरा नवी नव्हती. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश व्यापाऱ्याने १९०३ पासून इथे जमीन घेऊन सहकारी वसाहत उभारली होती. १९३६ साली त्याने आपल्या वसाहतीपुरती एक रुपयाची स्वतंत्र नोटही काढली. रवींद्रनाथ ठाकूरही १९३२ साली इथे येऊन गेले. त्याच बाजारपेठेत आता दुकानदार लाकडाच्या विजेवर दिवे लावू लागले.

सुरुवातीला मोजके ग्राहक होते, काही वर्षांत ते शेकड्यांवर गेले. भार होता, सहकार होता, पैसे भरणारी बाजारपेठ होती. होसहळ्ळीत जे नव्हते ते इथे सारे होते. पण यंत्रे दुहेरी इंधनाची होती. जवळपास ३० टक्के ऊर्जा डिझेलमधून येई आणि २००० नंतर डिझेलचे भाव चढत गेले. खारफुटीला हात लावायचा नाही, म्हणून लाकूड लागवडीतून किंवा बाहेरून आणायचे. पुढे मुख्य जाळ्याची वीज नदी ओलांडून आली आणि १९४५ च्या स्वीडनमध्ये घडले तेच गोसाब्यात घडले.

समृद्ध देशांत भांडवल होते, तज्ज्ञ होते, जंगलही होते. स्वीडनमध्येच व्हॅर्नामो इथे १९९३ साली जगातील पहिले असे केंद्र उभे राहिले की जिथे चिपा, साल आणि फांद्यांचा वायू दाबाखाली तयार करून थेट गॅस टर्बाइनला दिला जाई. सहा मेगावॉट वीज, शिवाय गावाला पुरवायची उष्णता. तंत्र सिद्ध झाले. चाचण्या संपल्यावर, २००० साली केंद्र बंद करण्यात आले. त्या वेळच्या विजेच्या भावात ते चालवणे परवडत नव्हते. युद्धकाळात हीच विद्या शिकलेला, तिच्यावर ग्रंथ लिहिलेला हा देश.

ऑस्ट्रियातील ग्यूसिंगची कहाणी अधिक लांबली. हंगेरीच्या सीमेवरचा हा गरीब भाग. तरुण कामासाठी व्हिएन्नाला जात. तिथे व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील हेर्मान होफबाउअर यांच्या पद्धतीचे केंद्र २००१ च्या अखेरीस सुरू झाले. त्यात हवेऐवजी वाफ वापरली जाई, त्यामुळे नायट्रोजनचे ओझे गेले आणि वायू जवळपास दुप्पट सकस झाला. आठ मेगावॉटचे लाकूड आत, दोन मेगावॉट वीज आणि त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता बाहेर. जगभरचे पाहुणे गाव बघायला येत. विजेला सरकारने हमी दिलेला चढा दर होता. तो कालावधी संपल्यावर २०१६ मध्ये तेही केंद्र बंद पडले. होसहळ्ळीची भट्टी मागास गावात होती म्हणून अडली, असे म्हणणाऱ्यांनी ग्यूसिंगचा शेवट पाहावा.

महाराष्ट्रातील दुवा फलटणचा आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकात गॅसिफायरवर काम सुरू केले. १९८६ साली त्यांनी या विषयावर लिहिलेले इंग्रजी प्रकरण आजही जगभरचे विद्यार्थी वाचतात. पश्चिम महाराष्ट्रात वाया जाणारे लाकूड थोडे, पण उसाचे पाचट अमाप. तोडणीनंतर ते फडातच पेटवून देतात. पाचट हलके, पसरट. इम्बेरच्या भट्टीच्या गळ्यात ते घसरत नाही, अडकते. लाकडासाठी जन्मलेले यंत्र पानांसाठी नव्याने बांधावे लागले. १९९० च्या दशकात या संस्थेने पाचट आणि बगॅसवर चालणारी यंत्रणा तयार केली, ती विजेसाठी न करता कारखान्याच्या भट्टीला उष्णता पुरवण्यासाठी.

या निवडीला कारण होते. वायू थेट ज्वाळेत जाळायचा असेल तर डांबर अडचणीचे उरत नाही; तेही जळते आणि उष्णताच देते. गाळण्या नकोत, इंजिन नको, डिझेल नको, रात्रपाळीचा मेकॅनिक नको. भारतात गॅसिफायर जिथे टिकले त्यांत रेशीम सुताच्या कढया, वेलदोडे वाळवण्याच्या भट्ट्या, छोट्या कारखान्यांच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणात आढळतात, ते यामुळेच. विजेच्या बाजूने बिहारमध्ये २००७ नंतर भाताच्या तुसावर गावे उजळवणारी एक कंपनी बरीच गाजली. तिनेही पुढे सौरऊर्जेकडे मोर्चा वळवला. सौरपट्टीला रोज पहाटे उठून कुणी इंधन घालावे लागत नाही.

दरम्यान १९८९ साली अमेरिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन खात्याने एक पुस्तिका काढली होती. तेलाचा पुरवठा तुटला तर कचऱ्याचा डबा, पिंप आणि घरगुती नळ यांपासून लाकडाचा गॅसिफायर कसा जोडावा आणि ट्रॅक्टरला कसा लावावा, याच्या आकृत्या तिच्यात आहेत. रचना वरून उघड्या तोंडाची, बंगळूरच्या भट्टीच्याच जातीची.